ओल आहे तोवर

बादली इथे ठेव, फेओ, आणि आधी भिंतीवरून हात फिरव.
डोळे मिटून. बोटांना रंग लागायचा नाही,
तो चुन्याच्या पोटात जाऊन बसलाय, एकतीस वर्षं झाली.
लागली का शिवण? केसाएवढी,
संताच्या कानामागून खांद्यावर उतरलेली?
तिथे एक दिवस संपला आणि दुसरा लागला.

मी गिलावा द्यायचो, व्हेंतुरा रंगवायचा.
पहाटे विचारायचो, आज किती?
तो हवेत बोट फिरवायचा : एवढं.
कधी डोंगर, दोन गाढवं आणि तटबंदीसकट एक शहर,
कधी नुसता एक चेहरा.
तेवढंच थापायचं, तेवढंच घोटायचं. पुढे सगळी घाई
ओल उडायच्या आत.
वाळल्यावर भिंत कुणाचं ऐकत नाही.

हा देवदूताचा डावा पंख.
त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती,
लसणाची पाकळी गालात धरून, शिव्या देत त्याने पिसं काढली.
बघ, एकेक कशी धारदार.
या कोळ्याच्या पायाला सहा बोटं आहेत.
मी दाखवली, तर म्हणाला, असू दे, जाळं जड आहे.
गव्हाणीतला बैल आमच्या गिराल्दोचा.
गिराल्दोने उसनं पीठ परत केलं नाही,
म्हणून बैल इथे आणि मालक तिकडे, नरकात, डावीकडून तिसरा.

निळा मात्र ओल्यात धरत नाही.
मरियेचा झगा त्याने अंडं फेटून कोरड्यावर चढवला.
पाद्रीबुवांना तोच हवा होता, चांदीच्या भावाचा.
आता गुडघ्यापासून खाली पापुद्रे निघालेत,
आतली तांबडी माती उघडी पडलीय.

आणि इथे, तिच्या तोंडाभोवती, शिवण दुहेरी आहे.
मार्च महिना. चेहऱ्यापुरता गिलावा दिला होता,
गालांखाली हिरवी माती भरून झाली होती,
तेवढ्यात द्रूदाची आई धावत आली, डोक्यावर रुमालही नव्हता.
तो कुंचला टाकून गेला.
मी ओलं फडकं धरून भिंतीशी बसलो,
तापलेल्या पोराच्या कपाळाशी बसावं तसा.
संध्याकाळी भिंत वाळली.
तो अर्धा चेहरा मी छिन्नीने उतरवला, तुकडे टोपलीत भरले.
बाहेर घंटा वाजली. थांबली. मग पुन्हा, थोडी लहान.

तिसऱ्या दिवशी तो आला.
आज किती, हे मी विचारलं नाही. त्यानेच बोट फिरवलं.
दिवसभरात एकदाच बोलला : पाणी आण.
लोक म्हणतात, आई बाळाकडे बघते आहे.
नीट बघ. ती बाळाच्या जरा पलीकडे बघते,
त्या दाराकडे,
जिथून द्रूदा दुपारची शिदोरी घेऊन यायची.

यंदाच्या साथीत तोही गेला, कुठल्या गावात ते कळलं नाही.
आमची निम्मी मजुरी अजून येणं आहे.
आणि आता बिशपचं फर्मान : साथ भिंतींत दडून बसते,
सगळी देवळं चुन्याने पांढरी करा.
पिएत्राल्तात हे काम येणारा मी एकटाच उरलोय.

जन्मभर चुना लावला, फेओ,
पण चुना कुणाला लावला नाही.
दोन वर्षं खड्ड्यात मुरल्याशिवाय थापी बुडवली नाही.
आज मात्र कालच विझवलेला घे. पाणी दुप्पट घाल.
भिंत झाडू नकोस, मेणबत्त्यांची काजळी आहे तशी राहू दे.
काजळीवर काही फार दिवस धरत नाही.
बिशप वर चढून बघायला येणार नाहीत.

चल, नरकापासून सुरुवात करू.
तिच्या चेहऱ्याशी आलास की हाक मार, तेवढं मी करीन.
ओला चुना आरपार दिसतो, माहीत आहे ना?
वाळता वाळता पांढरा होतो.
तेवढा वेळ
आपण इथे, पायरीवर बसू.